आडवी दांडी

गल्लीच्या टोकाचा जुना दिवा या महिन्यात चौथ्यांदा बंद पडला, म्हणून वायरमन परत आला. खांबाच्या बुडाचा डबा उघडला, तर फ्यूज नेहमीसारखाच अर्धवट ओढून ठेवलेला. समोरच्या घरातले आजोबा चहाचे दोन कप घेऊन हजर होतेच.

"दिव्याखाली ही आडवी दांडी कशाला, ठाऊक आहे?"

"नाही बुवा," वायरमन चौथ्यांदा म्हणाला.

मग आजोबा रंगात आले. त्यांचे वडील रोज संध्याकाळी याच दांडीला शिडी टेकवायचे आणि वर चढून दिवा पेटवायचे. "बापाने गावभर दिवे लावले, मी मात्र कसलेच लावले नाहीत!" वायरमन हसला. चहा संपला, तरी आजोबा रिकामा कप परत घेईनात.

त्याने पिशवीतून कुलूप काढलं. "साहेबांचा हुकूम आहे, आजोबा. कुणीतरी मुद्दाम फ्यूज काढतंय म्हणे."

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला.



डब्याला कुलूप घालून त्याने किल्ली आजोबांच्या तळहातावर ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू द्या. आणि दांडीचं पुढच्या सोमवारी परत सांगा, माझ्या काही लक्षात राहत नाही."