मलासुद्धा नाही

“पुढच्या खेपेला तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही. शब्द दे.”

पहिलं राहिलं नाही तेव्हा सासूबाईंनी, वैजयंतीबाईंनी, देवापुढे उभं करून श्रुतीकडून हे वदवून घेतलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. नवरा, इंद्रजित, सोडून कुणाला पत्ता नव्हता. आणि आज तोच शब्द गळ्याशी आला होता.

सासरे नामदेवराव यांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता, पसरत चाललेला. आज त्यांना शिरेतून किरणोत्सारी औषध दिलं. ते गाठी हुडकत जाणार, आतूनच जाळणार. गाठी आक्रसल्या की मग ऑपरेशन. औषध ठरलं तेव्हाच नर्सनं बजावलं होतं, “काही दिवस अंगातून किरणं निघतील. लहान मूल, गरोदर बाई जवळ नको. आहे का घरी कुणी?”

“नाही हो. आमचं एवढं भाग्य कुठलं,” वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या. शेजारी उभी श्रुती फरशीकडे बघत राहिली होती.

आता इंद्रजित वडिलांना घेऊन उलव्याला घरी पोचत आला होता. श्रुती बॅग भरत होती, भरलेलं काढत होती, पुन्हा कोंबत होती. खिडकीवरून विमान गेलं तशी दचकली.

“ऐरोलीला? आज?” हातात जपाची माळ घेऊन वैजयंतीबाई दारात उभ्या. “बरंय बाई. सासरा आजारी पडला की माहेर आठवतं! आणि ते म्हणत होते, आल्यावर श्रुतीच्या हातचा आल्याचा चहा घेईन.”

आल्याच्या नुसत्या नावानं श्रुतीला मळमळलं. सांगून टाकावं? “आई, मला...” पुढचं तिनं गिळलं. हात पोटाशी गेला आणि झटकन बॅगेच्या चेनवर आला.

वैजयंतीबाईंची माळ थांबली. त्या देवघरात गेल्या, कुंकवाचा करंडा आणि ओटीचं सामान घेऊन आल्या. ओढणीत तांदूळ-नारळ घालताना पुटपुटल्या, “स्टेशनपर्यंतसुद्धा रिक्षा नको. गचके बसतात. गाडी मागव. आणि जिन्यानं जा, ते लिफ्टनं येतील.”

श्रुती पाया पडायला गेली.

“राहू दे. वाकू नकोस.”

ती एक मजला उतरली तोच वर लिफ्टचं दार उघडलं. नामदेवरावांचा थकलेला आवाज आला. “श्रुती कुठाय? पळाली ना मला घाबरून?”

श्रुतीचं पाऊल अडलं. परत जावं, सांगावं.

“काहीतरीच काय बोलता!” वर वैजयंतीबाई म्हणाल्या. “मला एक शब्द दिलाय तिनं. तो पाळायला गेलीय पोर.”

“कसला शब्द?”

“मलासुद्धा सांगायचं नाही, असा.”

नारळ पोटाशी धरून, कठड्याच्या आधारानं, श्रुती एकेक पायरी उतरू लागली.