उंच गाडी

शिमग्याला मुंबईहून आलेल्या शमिकाच्या नवऱ्याने अंगणात मोटारसायकल स्टँडवर चढवली आणि मागचं चाक सोडवलं. पाय जमिनीला टेकावेत म्हणून तिने मागे आखूड शॉकअब बसवून गाडीची उंची कमी करून घेतली होती. त्याच गाडीवरून ती रोज खेडच्या दवाखान्यात कामाला जायची. ते शॉकअबही काढत तो म्हणाला, “बायकोनं गाडीबरोबर घोवालाही बुटका केलान, म्हणतात वाडीतले.” “उंच गाडीवर माझे पाय पोचत नाहीत. मी कामावर कशी जाऊ?” “एसटीने जा.” “सकाळपाळीच्या वेळेला एसटी नाही.” “मग सोड नोकरी.” “तुम्ही परवा मुंबईला जाणार. मग गाडी चालवणार कोण?” “उभी राहील पडवीत.” त्याने जुने उंच शॉकअब परत बसवले. चाक मात्र एकट्याला बसवता येईना. “धर गो जरा,” तो म्हणाला. शमिका खाली बसली आणि नट आवळून होईपर्यंत चाक दोन्ही हातांनी सरळ धरून राहिली.