पलीकडचा वर्ग

"ताई, ही दारू सोडायला आलेल्या पिणाऱ्यांची मीटिंग. त्यांच्या बायकांची पलीकडच्या वर्गात," दारातले काका मायेनं म्हणाले. शाळा शोधून काढूनही मृदुला याआधी दोनदा फाटकावरूनच परत फिरली होती. आज ती पलीकडे जाऊन बसली.

शेजारच्या मावशींनी बाकावर सरकून जागा दिली. "मालक पितात होय?"

मृदुलानं मान डोलावली. तिकडे घरी, आयुष्यात थेंबही न चाखलेला तिचा नवरा मुलीला जेवू घालत असेल.

एकेक बाई बोलू लागली. कपाटात लपवलेल्या बाटल्या, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या खोट्या शपथा. ते सगळं मृदुलानंही केलं होतं. तिची मान वर होईना.

तेवढ्यात मावशी तिच्या कानाशी वाकल्या. "वेलदोडा चघळून आलीस ना? वास लपवायला आमचे हेही तेच करायचे."

मावशींनी हात धरून उठवलं, तेव्हा आता चारचौघींत आपली शोभा होणार, असंच तिला वाटलं. पण मावशी तिला अलीकडच्या, पिणाऱ्यांच्या वर्गाच्या दारात घेऊन गेल्या.

"भाऊ, हिला जागा द्या," त्या दारातल्या काकांना म्हणाल्या. "ही तुमच्यातली आहे."