टाळ्या कुणाला

लेकीनं पहिलं पाऊल टाकलं. बापाच्या सांगण्यानुसार टाकलंच नाही. साथ आल्यापासून नर्स असलेली आई दवाखान्यातच मुक्कामाला होती आणि बाप घरून नोकरी अन् लेक सांभाळत होता. "ती चालेल तेव्हा शूटिंग कर रे, एवढंच मागते," आईनं बजावलं होतं. ऑनलाइन मीटिंगमध्ये तो बुडालेल्या विक्रीचे तक्ते दाखवत असताना अख्ख्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. त्यानं लाजून आभार मानले आणि पुढचा तक्ता काढला. "अहो, मागं पोरगी चालतेय तुमची," साहेब म्हणाले. तो वळेपर्यंत ती फतकल मारून बसली होती. संध्याकाळी आईनं फोनवर विचारलंच. "छे, आळशी आहे, बापावर गेलीय." फोन ठेवून तो अर्ज लिहायला बसला: मीटिंगचे रेकॉर्डिंग गोपनीय असते, हे मान्य. तक्ते वगळून अर्जदाराच्या मागील भिंत तेवढी मिळावी, ही नम्र विनंती.