वरचा फोन

धाकट्या जावेचं घरात भारी कौतुक. सासरे येईल त्याला सांगायचे, "आमची सून घरबसल्या मोठ्या कंपनीला इमारतींचे नकाशे पाठवते!" सुना दोन होत्या, पण थोरलीचं नाव कुणी काढायचं नाही.

म्हणून दुपारी खाली मोडेम किंचाळायला लागला, की थोरली वरच्या खोलीत जाऊन बसायची. फाइल जायला वीस मिनिटं लागत. सतरा मिनिटं ती कळ काढायची आणि मग त्याच लाइनवरच्या फोनचा रिसीव्हर अलगद उचलायची. खट्! लाइन तुटायची. तोंडावर हात दाबून ती पोटभर हसायची.

आठवड्यात धाकटी रडकुंडीला आली. आज फाइल गेली नाही, तर काम हातचं जाणार होतं. शेवटी लाइनमन आला.

"हा वरचा फोन सगळा घोळ करतोय," म्हणत त्याने तो वायरसकट काढून आणला, थोरलीच्या हातात दिला आणि निघून गेला.

आता घरात दोघीच. थोरली फोन मांडीवर घेऊन धाकटीशेजारी बसली. पडद्यावर आकडे चढत होते. ऐंशी टक्के. नव्वद. जाणार आता, या विचाराने तिचा नुसता जळफळाट झाला.

खट्.

लाइन तुटली. वरच्या खोलीत कुणीतरी तोंडावर हात दाबून हसलं, पोटभर. थोरलीने ते हसणं ओळखलं.

धाकटीने तिचा हात घट्ट धरला. "ताई, खरं सांगू? इतके दिवस मला तुमचाच संशय होता."