चार पिशव्या

भोंगा वाजला आणि वस्तीत एकच धावपळ उडाली. धरणाचं पाणी सोडणार होते; तीनच्या आत खालच्या सगळ्या गल्ल्या रिकाम्या करायच्या होत्या. कुणाला चष्मा सापडत नव्हता, कुणाला कागदपत्रं. मास्तरीणबाईंच्या दाराशी मात्र पिशव्या महिनाभरापासून भरून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीत पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटं, बॅटरी, शिट्टी, औषधं, कपड्यांचा एक जोड, आणि वरच्या खिशात नाव, वय, रक्तगट लिहिलेलं कार्ड. पूर आला तर काय करायचं, हे शाळेत शिकवायचं काम बाईंकडेच होतं. त्या पोरांकडून ते अगदी घोकून घेत.

पिशव्या चार होत्या. नवरा आपली पाठीला अडकवून सकाळीच बांधावर वाळूची पोती टाकायला गेला होता. उरलेल्या तीनपैकी एक बाईंनी उचलली, एक थोरल्या लेकीनं, एक धाकटीनं.

वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसरा हात मोकळा. नवऱ्याची ही थोरली बहीण अकरा वर्षं याच घरात होती. पिशव्या तिनंच शिवल्या होत्या, जुन्या ताडपत्रीच्या, दुहेरी टीप घालून. "चार लागतील," असं बाईंनी सांगितलं होतं. वन्संनी मान हलवली होती आणि चार शिवल्या होत्या.

"आत्याची कुठंय?" धाकटीनं विचारलं.

पाचवी तिथंच कुठंतरी असेल तसं बाईंनी दाराशी वाकून पाहिलं. "घाईत राहिली गं," त्या म्हणाल्या. महिनाभर कसली घाई होती, हे कुणी विचारलं नाही.

"मला काय लागतंय? अंगावरच्या कपड्यांनिशी निघते मी," वन्सं म्हणाल्या. "चला, दार ओढून घे."

गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता. फळीपाशी एक स्वयंसेविका यादी बघून एकेकाला वर घेत होती. ती यादीही बाईंच्याच हातची. मागच्या महिन्यात त्यांनी घरोघर फिरून माणसं लिहून घेतली होती. एका घरी तान्हं बाळ सांगायचं राहिलं, तर त्या बाळाच्या आईला त्यांनी चार शब्द सुनावले होते, "ते काय माणूस नाही का?" ती आई आता बाळाला घेऊन ट्रकमध्ये पुढेच बसली होती.

"बाई, तुमच्या घरचे चार. एक बांधावर, म्हणजे तीन," स्वयंसेविकेनं खुणा केल्या. मग तिनं वर पाहिलं. "या आजी कोण?"

ट्रकमधले सगळे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. बाई पिशवीचा पट्टा सारखा करत राहिल्या.

"मी शेजारची," वन्सं म्हणाल्या. "एकटीच असते. जागा असली तर घ्या."

धाकटीनं तोंड उघडलं. बाईंनी तिचं मनगट दाबलं. जोरात दाबलं.

टेकडीवरच्या शाळेत कुटुंबांना वर्ग दिले होते आणि एकट्यादुकट्यांना व्हरांड्यातले बाक. वन्सं कुणी सांगायच्या आधीच काठी टेकत बाकाकडे गेल्या. बाईंनी वर्गात चादर अंथरली. थोरली बसली. धाकटी उभीच राहिली, मनगट चोळत. तिनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाई उठल्या. बाकाशी जाऊन वन्संच्या बाजूला उभ्या राहिल्या, खाली वाकल्या आणि आजूबाजूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "वन्सं, चुकलं माझं. तुम्ही घरातल्याच आहात."

वन्सं समोर मैदानाकडे बघत राहिल्या. पापणीसुद्धा हलली नाही.

बरोबरच आहे, बाईंना वाटलं. कशाला बोलतील? त्या तशाच नोंदीच्या टेबलाकडे गेल्या. ट्रकपाशी यादी बघणारी स्वयंसेविका आता तिथं बसली होती. गर्दी होती, बाळाची आईही होती.

"त्या आजी आमच्या घरातल्या आहेत," बाई म्हणाल्या. या वेळी आवाज त्यांनी खाली येऊ दिला नाही. "माझी नणंद. यादीतून मी गाळली."

स्वयंसेविका गोंधळली. "पण त्या तर म्हणाल्या..."

"माझी लाज राखायला म्हणाल्या. आणि मी गप्प बसले."

स्वयंसेविकेनं एक कोरं कार्ड पुढं ओढलं. "वय?"

"पासष्टच्या आसपास असतील."

"औषधं काही चालू आहेत?"

बाईंना आठवेना. आठवेना असं तरी कसं म्हणायचं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"एकोणसत्तर," मागून धाकटी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली, कळलं नव्हतं. "सकाळी बीपीची एक गोळी. दोनच उरल्यात. आणि तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडून बोलावं लागतं."

"कधीपासून?" हे बाईंनी विचारलं.

"आपल्याकडे आली त्याच्याही आधीपासून."

स्वयंसेविकेनं तेही लिहून घेतलं. बाई वळल्या. वन्सं तशाच बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या बाजूला, मघाशी बाई उभ्या होत्या ती जागा रिकामी होती. उजवीकडे चार अनोळखी माणसं एकमेकांना चिकटून बसली होती.

बाई बाकाला वळसा घालून गेल्या आणि त्या चौघांपुढं उभ्या राहिल्या.

"जरा सरकता का?" त्या म्हणाल्या. "मला यांच्याशी बोलायचंय."