बुडातून भरायचा मटका

"पेशंट कुठाय?"

रमजूनं टेबलावर गाठोडं ठेवलं आणि फडकं सोडलं. आतून मटका निघाला. लाल गेरूचा, काळ्या-पांढऱ्या रेघांचा. गळ्याशी बंद. एका बाजूला तोटी, एवढंच.

भुजच्या त्या एक्स-रेवाल्यानं आधी मटक्याकडं पाहिलं, मग रमजूकडं. "पोट दुखतं याचं?"

"पोटात काय आहे ते बघायचंय, प्रफुलभाई."

"मग फोडून बघ. बाहेर दगड फुकट आहेत."

"घरात हा एकच उरलाय."

प्रफुलभाईनं मटका उचलून हलवला. "याला तर तोंडच नाही. पाणी भरता कुठून?"

रमजूनं मटका उलटा केला. बुडाला बोट जाईल एवढं भोक होतं. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी त्यानं तांब्यानं त्यात ओतलं आणि मटका सुलटा धरला. एक थेंब सांडला नाही. मग तोटीतून धार काढून तांब्या भरून दाखवला.

बाकावर प्लास्टरचा पाय पसरून एक म्हातारा बसला होता. "आमच्या सूनबाईसारखा आहे," तो म्हणाला. "कान कुठून भरतात कळत नाही, ओतते मात्र बरोब्बर."

"बनवतं कोण?" प्रफुलभाईनं विचारलं.

"माझे अब्बा."

"मग त्यांनाच विचार की."

रमजूनं तांब्या खाली ठेवला. विचारून झालं होतं. पाच महिने तो तेच करत होता.

अम्मा गेली त्या दिवसापासून अब्बांनी, अलारखांनी, चाकाला हात लावला नव्हता. सकाळी खाट बाभळीखाली जायची, संध्याकाळी आत यायची, आणि खाटेबरोबर अब्बा. रोटला समोर ठेवला तर खायचे. नाही ठेवला तर मागायचे नाहीत.

साधी मडकी रमजू चांगली करायचा. पण हे मटके अब्बांचे. आसपासच्या कुंभारांत दुसऱ्या कुणाला ते जमत नसत. घरातली प्रत्येक मुलगी असा एक मटका घेऊन सासरी जायची, आणि नवरदेवाला चारचौघांत तो भरायला लावून त्याची फजिती करायची. रमजूच्या मुलीचं, रुकियाचं, लग्न पुढच्या चांदाला होतं. हा शेवटचा मटका तिच्याबरोबर जाणार. अब्बा एकाहत्तरचे. त्यांच्यामागे ही विद्या कुणाकडं राहणार?

चाकावर दोन वाट्या फिरवायच्या, एक तळाची, एक वरची. अर्धवट वाळल्या की जोडायच्या. एवढं रमजूला ठाऊक होतं. मधलं ठाऊक नव्हतं. अब्बांनी फिरवलेल्या वाट्या आतल्या खोलीत जायच्या, जिथं अम्मा मडकी रंगवायला बसायची. दार लोटलेलं असायचं. अब्बा उंबऱ्याशी बिडी ओढत बसायचे आणि पोरांना हुसकायचे. ओल्या मातीला नजर लागते म्हणायचे. मग केव्हातरी मटका जोडून बाहेर यायचा.

आत नळी असणार, एवढा अंदाज रमजूला होता. त्यानं सात मटके करून पाहिले. सातही वेळा नळी वाळताना बुडापासून सुटली आणि पाणी त्याच्या पायांवर आलं.

"अब्बा, मी कच्चा वाटतो का तुम्हाला?" त्यानं विचारलं होतं.

"नाही."

"मग सांगत का नाही? कबरीत न्यायचंय?"

"माझ्यापाशी काही नाही, रमजू."

"बायको गेलीय त्यांची," सारबाई, रमजूची बायको, त्याला बाजूला घेऊन म्हणाली. "हात गळालेत. ओरडू नका."

"हात गळालेत. जीभ तर आहे?"

त्यानंतर नऊ दिवस रमजू बापाशी बोलला नाही. दहाव्या दिवशी मटका गाठोड्यात बांधून त्यानं भुजची बस पकडली.

"नाव सांग," प्रफुलभाई म्हणाला. "फिल्मवर नाव घालावं लागतं."

"अलारखा."

"वय?"

"एकाहत्तर."

फिल्म निघाली. प्रफुलभाईनं ती उजेडाच्या काचेवर लावली आणि दोघं जवळ सरकले.

नळी होती. पण चिकटवलेली नव्हती. बुडाचीच माती चिमटीनं वर ओढत नेली होती. खाली जाड, वर जाता जाता पातळ, खांद्यापर्यंत. चिमटीच्या खुणा पायरीपायरीनं चढत गेल्या होत्या. जोडच नव्हता, मग सुटणार काय?

"माणसाच्या पोटात एवढं साफ काही नसतं," प्रफुलभाई म्हणाला.

परतीच्या बसमध्ये रमजू मटका मांडीवर घेऊन बसला. आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. एवढंसं काम. एका दुपारी शिकवता आलं असतं. बापाला आपला भरवसा नाही, हे आता फिल्मवर छापून आलं होतं.

अलारखा बाभळीखालीच होते. रमजूनं फिल्म त्यांच्या मांडीवर टाकली.

"घ्या. तुम्ही नाही दिलंत, मशीननं दिलं."

अलारखांनी हात लुंगीला पुसले. फिल्म कोपऱ्यांना धरून उचलली आणि उन्हाकडं केली. उलटी धरली होती, ती सुलटी केली. मग एक बोट बुडाशी ठेवून ते नळीवरून हळूहळू वर नेलं. वर पोचल्यावर पुन्हा खाली आणलं. सारबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"नीट बघा," रमजू म्हणाला. "मी अशीच नळी ओढणार आहे. काही चुकत असेल तर आता तरी सांगा."

"मला कसं कळणार?" अलारखा म्हणाले. त्यांची नजर फिल्मवरून हलली नाही. "तुझ्या अम्मानं मला कधी बघूच दिलं नाही."